पिवळ्या रंगाला बंदी

"मॅडम, कोपऱ्यातल्या खोलीत भिंतीला धोतर टांगलंय," शोभा सिस्टर दारातूनच म्हणाली.

मी ओपीडीत होते. समोर नाकात चिंचोका घालून आलेली एक पोरगी बसली होती. एकानं तिचं समाधान झालं नव्हतं, दोन्ही नाकपुड्या भरल्या होत्या. चिंचोके काढले, तिच्या आईला चार शब्द सुनावले आणि मग सिस्टरला विचारलं, धोतर कुणाचं आणि कशासाठी?

"आजोबांचं. आजी म्हणतात, भिंत पिवळी आहे."

भिंत पिवळी होतीच. दवाखाना बांधला तेव्हा रंग मीच पसंत केला होता. पेंटरनं क्रीम म्हणून दाखवला आणि भिंतीवर चढल्यावर त्याचं श्रीखंड झालं. कळंबमध्ये लहान मुलांचा दवाखाना चालवते त्याला बरीच वर्षं झाली. लोकांनी माझ्या औषधावर, बोलण्यावर, इंजेक्शनवर आक्षेप घेतलेत. भिंतीवर घेणाऱ्या या पहिल्याच.

आजींचं नाव गयाबाई. ढोकीच्या अलीकडं एका वस्तीवर राहायच्या. घरी मेंढरं, थोडी शेती. मुलगा सोमनाथ उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. सून कोमल, वयानं तशी पोरगीच, नुकतीच बाळंत झालेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण कोमलला आई नव्हती. त्यामुळं माहेर आणि सासर दोन्ही खाती गयाबाईंकडं होती. डिलिव्हरी सरकारी दवाखान्यात नॉर्मल झाली, बाळ चांगलं वजनदार. घरी गेले आणि जन्मानंतर चौथ्या दिवशी बाळाचे डोळे, मग तोंड, मग पोट असं सगळं पिवळं दिसायला लागलं. तसे उचलून माझ्याकडं आले.

नवजात बाळाची कावीळ ही मोठ्या माणसाच्या काविळीसारखी नसते. बाळ जन्माला आलं की त्याच्या अंगातल्या जुन्या रक्तपेशी फुटतात. त्यातून बिलिरुबिन नावाचं एक पिवळं द्रव्य तयार होतं. ते लिव्हरनं गोळा करायचं आणि शीवाटे बाहेर टाकायचं. नव्या बाळाचं लिव्हर नव्या नोकरीवर लागलेल्या माणसासारखं असतं, काम उरकत नाही. म्हणून थोडी कावीळ बहुतेक बाळांना होते आणि जाते. फार वाढली तर मात्र ती मेंदूत शिरते आणि तिथं केलेलं नुकसान पुन्हा भरून येत नाही. उपाय दोन. एक म्हणजे निळ्या लाईटखाली ठेवणं, त्याला आम्ही फोटोथेरपी म्हणतो. दुसरा उपाय आईचं दूध. बाळ प्यायलं तर शी होणार, शी झाली तर पिवळं बाहेर पडणार. यापेक्षा अवघड काही त्यात नाही.

हे सगळं मी पहिल्या दिवशीच गयाबाईंना नीट समजावून सांगितलं होतं. त्या मान डोलावत होत्या. मान डोलावणं म्हणजे पटणं नव्हे, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं.

गयाबाईंचा हिशोब वेगळा होता. काविळीच्या माणसानं पिवळं खायचं नाही, हळद बंद, तेल बंद, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बाळ तर काहीच खात नाही. मग पथ्य कुणी पाळायचं? बाळाच्या आईनं. वरण बंद, बेसन बंद, केळी बंद, तुपातले डिंकाचे लाडू बंद. कोमलच्या ताटात भाकरी, मोकळा भात आणि पाणी. इथवर मी बरंच पाहिलंय. गयाबाई मात्र पुढं गेल्या. पिवळं दुपटं परत घरी पाठवलं. शोभा सिस्टरच्या पर्सचा रंग विचारून ती खोलीबाहेर ठेवायला लावली. सोमनाथ साखर कारखान्यावरून परभारे आला तो पिवळा टी-शर्ट घालून, हातात केळ्यांचा घड घेऊन. त्याला दारातच अडवलं. बिचारा बनियनवर आत आला, बायकोकडं पाहून हसला आणि केळी सिस्टरकडं देऊन परत गेला. ती केळी आमच्या स्टाफनं खाल्ली.

सगळ्यात मोठी पंचाईत आजोबांची झाली. मल्हारी आबा. घरात खंडोबा, त्यामुळं सकाळी अंघोळ झाली की कपाळभर भंडारा. भंडारा म्हणजे देवाची हळद. गयाबाई म्हणाल्या, पुसून या. आबा म्हणाले, पुसणार न्हाय. झालं, आबांचा मुक्काम दवाखान्याच्या पायरीवर. मी येता-जाता त्यांना ओलांडून जायची. दरवेळी ते अर्धवट उठून राम राम करायचे आणि विचारायचे, "लेकरू कसं हाय?" पहिला नातू, आणि त्याचं तोंड अजून धड बघितलं नव्हतं त्यांनी. कपाळ पिवळं म्हणून.

मला आधी याची गंमतच वाटली. धोतर टांगल्यानं बिलिरुबिन वाढत नाही, तेव्हा कशाला कुणाच्या वाटेला जा, असं म्हणून मी सोडून दिलं. निळा लाईट लावल्यावर तर गयाबाई खूषच झाल्या. त्या लाईटखाली बाळ निळं दिसतं. "गेली की कावीळ," असं त्यांनी मोठ्यानं जाहीर केलं. मी सांगितलं, मावशी, त्या लाईटखाली भिंतसुद्धा पिवळी दिसत नाही. हे ऐकून त्यांनी सगळ्या खोलीलाच तसला लाईट लावा म्हणून सुचवलं.

दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट आला आणि माझं हसू मावळलं. बिलिरुबिन वाढलं होतं. थोडं नव्हे, चांगलंच. लाईटखाली ठेवलेल्या बाळाचं ते उतरायला पाहिजे. वजनही घटलं होतं. मी मशीन तपासलं, ट्यूब बदलली. आईचा आणि बाळाचा रक्तगट पुन्हा बघितला, कारण ते जुळत नसले तरी कावीळ भडकते. सगळं ठीक होतं. शोभा सिस्टरवर उगीच ओरडले, तिनं ऐकून घेतलं.

"दूध पाजताय ना दोन-दोन तासाला?" मी खोलीत जाऊन विचारलं.

"पाजतोय की," गयाबाई म्हणाल्या. कोमलला काही विचारलं की उत्तर गयाबाईच द्यायच्या.

"रडतो का?"

"लई गुणाचं लेकरू हाय. झोपलं की झोपलं. आवाज न्हाय."

 घरच्यांना शांत बाळाचं कौतुक असतं. आम्हा बालरोगवाल्यांना काविळीचं शांत बाळ म्हणजे धोक्याची घंटा. कावीळ वाढली की बाळ सुस्तावतं. सुस्तावलं की पीत नाही, न प्यायल्यानं कावीळ आणखी वाढते. मी सांगितलं, संध्याकाळी पुन्हा रक्त तपासणार. आणखी चढलं तर लातूरला हलवायचं, तिथं बाळाचं सगळं रक्त बदलावं लागेल. कोमलचं तोंड पांढरं पडलं. गयाबाईंनी पदर सावरला, एवढंच.

दुपारी ओपीडी संपल्यावर मी घरी जायच्या आधी सहज त्या खोलीत डोकावले. आणि जे दिसलं ते बघून दारातच थांबले.

कोमल पलंगावर बसली होती. गयाबाई तिच्या छातीचं दूध दाबून एका स्टीलच्या वाटीत काढत होत्या. काढून झाल्यावर वाटी खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी केली, निरखून बघितली. सोनार नथ पारखतो तशी. मान हलवली आणि सगळं दूध मोरीत ओतून टाकलं. मग पलंगाखालून दुसरी वाटी काढली. तीत ग्लुकोज पावडरचं पाणी होतं, स्वच्छ, बिनरंगाचं. कापसाचा बोळा त्यात बुडवून झोपलेल्या बाळाच्या ओठावर पिळला.

पहिल्या काही दिवसांचं आईचं दूध पिवळसरच असतं. तोच चीक. घट्ट, थोडा, आणि बाळासाठी त्याहून मोलाचं काही नाही. पुढं चार-सहा दिवसांत हळूहळू पांढरं होतं. गयाबाई ते पांढरं व्हायची वाट बघत होत्या. तोवर माझ्या निळ्या लाईटखाली बाळाला साखरपाण्यावर ठेवलं होतं.

मी ओरडले. खोटं कशाला सांगू, फार ओरडले. मला शिकवताना आमच्या सरांनी सांगितलं होतं, पेशंटच्या नातेवाइकांशी शांतपणे बोलावं. सर पुण्याचे होते, त्यांना गयाबाई भेटल्या नव्हत्या.

"आमी काय वैरी हाव का लेकराचे?" गयाबाई माझ्यापेक्षा एक पट्टी वर गेल्या. "आधीच अंगात पिवळं, त्यात वरनं पिवळंच घालायचं व्हय?"

मी कोमलकडं बघितलं. ब्लाऊज ओला, छातीत दुधाच्या गाठी, अंगात कणकण. पान्हा फुटलेला आणि बाळ हातभरावर उपाशी झोपलेलं. ती खाली मान घालून रडत होती. मला इतका संताप आला की माझा आवाजच बसला. त्याचा एक फायदा झाला, मी हळू बोलायला लागले.

मला वाटलं, यांच्याच धंद्यातलं उदाहरण द्यावं.

"मावशी, मेंढी व्याली की पहिल्या चिकाचं काय करता?"

"कोकराला पाजतो की. चीक न्हाय मिळाला तर कोकरू जगतंय व्हय?"

"आणि रंग कसला असतो चिकाचा?"

"पिवळा."

जिंकले, असं वाटलं मला. माझा आवाज ऐकून आत आलेल्या शोभा सिस्टरकडं मी बघितलंसुद्धा.

"पर कोकराला कुठं कावीळ झालीया?" गयाबाई म्हणाल्या.

शोभा सिस्टर सलाईनची बाटली बघायच्या निमित्तानं तोंड फिरवून उभी राहिली. त्या स्टँडला बाटली नव्हतीच. मी लातूरचा धाक पुन्हा घालून बघितला. म्हटलं, मग अँब्युलन्स बोलावते. गयाबाई म्हणाल्या, "बोलवा. तिथल्या भिती तरी पांढऱ्या असत्याल."

 तेवढ्यात दारात मल्हारी आबा दिसले. माझा आवाज पायरीपर्यंत गेला असणार, खरं तर एसटी स्टँडपर्यंत गेला असणार. हातात काठी, कपाळावर भंडारा. कालपासून उन्हात बसवलेल्या माणसाचा सगळा राग तोंडावर होता.

"भाईर व्हा," गयाबाई म्हणाल्या.

आबा आत आले. "गये, मला येक सांग. बारशाला खंडोबाला नेल्यावर लेकराच्या कपाळाला काय लावणार हायस? जवारीचं पीठ?"

गयाबाई म्हणाल्या, "देवाचं येगळं असतंय."

"काय येगळं? लग्नात तुला हळदीनं माखली तवा तुला कावीळ झाली व्हती? खंडोबाची तळी उचलताना भंडारा उधळतो, सगळी वस्ती पिवळी हुती, त्यात कोण मेलं? देवाचं पिवळं चालतंय तुला. मग ह्या पोरीच्या अंगावर दूध कुणी दिलंय, त्या कारखान्यानं?"

 गयाबाईंनी आधी नवऱ्याच्या कपाळाकडं बघितलं, मग मोरीकडं. त्यांच्या तोंडावरचा ताठा उतरताना मी बघितला आणि तेव्हा मला पहिल्यांदा त्या म्हाताऱ्या वाटल्या. घाबरलेल्याही. नातू जाईल या भीतीनंच त्यांनी हे सगळं केलं होतं. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "म्हंजी त्या दुधानं वाढत न्हाय?"

"नाही वाढत. उलट उतरते. बाळाच्या शीचा रंग कसला असतो?"

"पिवळा."

"मग अंगातलं पिवळं त्याच वाटेनं बाहेर पडतं. पोटात काही गेलंच नाही तर शी कशाची होणार?"

 "मंग हे आधी सांगायचं न्हवं का," त्या माझ्यावरच डाफरल्या.

मी आदल्या दिवसापासून दुसरं काहीच सांगत नव्हते.  गयाबाई आबांकडं गेल्या, त्यांच्या कमरेच्या पिशवीतून चिमटीभर भंडारा घेतला आणि कोमलच्या कपाळाला लावला. "पाज बाई," त्या म्हणाल्या.

आबांनी नातवाचं तोंड एकदा डोळे भरून बघितलं. "नाक आमच्याकडचं हाय," एवढं म्हणून, सून पाजायला बसणार म्हणून, मुकाट्यानं बाहेर गेले.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पाजायचं तर बाळ जागं पाहिजे, आणि बाळ उठेना. शिवाय गयाबाईंचं दुसरं कलम होतंच. झोपलेल्या लेकराला उठवू नये. मी बाळाला लाईटखालून उचललं, तशा त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या, आपल्या धोतरासमोर. मी तळपायाला टिचकी मारली. काही नाही. कानामागं चोळलं, पाठीवरून बोट फिरवलं. डोळा किलकिला झाला आणि मिटला.  शोभा सिस्टरनं ओला कापूस दिला. तो कपाळावरून, गालावरून फिरवला, पुन्हा टिचकी मारली, जरा जोरात.

बाळ रडलं. बारीक, चिडून, पण रडलं.

मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्यानं "रड बाबा, रड," म्हणाले. दूध साठून छाती दगडासारखी झालेली असली की बाळाला तोंडात धरता येत नाही. म्हणून आधी थोडं दूध काढून मऊ करायचं. ते केलं. बाळाचं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबलो आणि मग छातीशी लावलं. पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदाही सुटलं. मग धरलं, आणि घुटका गिळल्याचा आवाज आला. कोमल दातओठ आवळून बसली होती, दुखत असणार खूप. पण तो आवाज ऐकला आणि ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी चालूच. गयाबाई भिंतीकडूनच म्हणाल्या, "प्यायला का?"

"पितोय, मावशी."

"मंग ठीक हाय."

त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. पाजायच्या वेळा गयाबाईंनी आपल्या ताब्यात घेतल्या. कोमलला डुलकी लागली की हलवून उठवायच्या. ज्या लेकराला उठवू नये त्याच्या तळपायाला आता टिचक्या मारायच्या, आणि माझ्यापेक्षा जोरात. सोमनाथला फोन करून केळी मागवली. वरण आलं, शिरा आला, डिंकाचे लाडू आले. आबांना बदलायला धोतर नव्हतं म्हणून भिंतही मोकळी झाली.

संध्याकाळचा रिपोर्ट वाढला नव्हता. कमीही झाला नव्हता, पण आमच्या कामात न वाढणं हीच चांगली बातमी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला. त्याच्या आधीच मला ते कळलं होतं, कारण गयाबाई बाळाचं लंगोट घेऊन थेट ओपीडीत आल्या. समोर एक मास्तर बसले होते, मुलाच्या खोकल्याबद्दल सांगत होते. गयाबाईंनी लंगोट माझ्या टेबलावर उघडलं. "निघाली बघा कावीळ," त्या म्हणाल्या. अगदी बरोबर होतं त्यांचं, मोहरीच्या रंगाची चांगली शी होती. मास्तर मुलाला घेऊन खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यानंतर प्रत्येक लंगोट मी बघितलं. नको म्हणायची सोय नव्हती.

डिस्चार्जच्या दिवशी गयाबाईंनी खंडोबाचे आभार मानले, आबांच्या भंडाऱ्याचे मानले आणि मला म्हणाल्या, "तुमचा लाईट बरा हाय." ओपीडीबाहेरच्या बाकावर बसून त्या दुसऱ्या एका सासूला दम देत होत्या, पिवळं दूध मोरीत टाकू नका, पाप लागंल. माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा ते एक वाक्य जास्त चाललं. त्या सासूनं मला येऊन विचारलं, त्या बाई इथं नोकरीला आहेत का?

मी खोलीत कोमलला शेवटचं तपासायला गेले. ती एकटी होती. बाळ मांडीवर, पोट भरून झोपलेलं. तिनं दाराकडं बघितलं आणि माझा हात धरला.

"मॅडम, कुणाला सांगू नका. आत्यांचा डोळा लागला की मी गुपचूप पांघरुणात घेऊन पाजत होते. थोडं थोडंच, ते बी झोपेतच चोखायचं." तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. "त्यानंच तर वाढली नव्हती ना कावीळ? मला तेवढंच खातंय."

इतके दिवस ही पोरगी तो घोर मनात घेऊन, कुणाशी एक शब्द न बोलता बसली होती. आणि मी तिच्याबद्दलचे सगळे प्रश्न तिच्या सासूला विचारत होते. मी म्हटलं, "अगं, त्यानंच तर तो टिकला." वजन घटलं होतं, पण नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यावर घटायला हवं होतं तितकं नव्हतं. बाळ चिवट आहे, असा निष्कर्ष मी काढून ठेवला होता. चिवट कोण होतं ते आता कळलं.

तेव्हापासून काविळीचं बाळ आलं की रक्त घेण्याआधी मी आईला एकटीला खोलीत बोलावते, दार लावते, बाळ काय पितं ते विचारते आणि ती बोलेपर्यंत गप्प बसते. औषधं लिहिण्यापेक्षा हे अवघड आहे, विशेषतः मला. पण रिपोर्टमध्ये जे येत नाही ते कळतं.